ठशामागचा हात

दसऱ्याच्या आधी घरोघरी तांब्यापितळेची भांडी माळ्यावरून खाली निघतात. जी वापरात राहणार ती घासली जातात, जी चेपली-फुटली ती मोडीत जातात. कुर्डुवाडीच्या बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी त्याच दिवसांत पोचले. काट्यावर घागरी, पराती, तोटी तुटलेली झारी असं बरंच काही येत होतं. दुकानदाराने गल्ल्याखालून एक डबा काढला. मोडीबरोबर येणारं किरकोळ तांबं-पितळ तो त्यात वेगळं ठेवतो. काळी पडलेली नाणी, भोक पाडलेले पैसे, देवादिकांची चित्रं असलेल्या पितळी चकत्या, हमालाचा एक बिल्ला. वजनाने पाहिलं तर सगळ्याचा भाव एकच.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता ‘घरातल्या जुन्या वस्तू’. जुनी नाणी आणि देव्हाऱ्यातल्या टोकनांवर, म्हणजे देवाच्या चकत्यांवर, लिहायचं मी ठरवलं, कारण या वस्तूंबद्दल आपल्याकडे दोनच टोकाचे समज आहेत. एक म्हणजे ‘भंगार आहे’ आणि दुसरा म्हणजे ‘लाखाला जाईल’. या दोन्हींच्या मधे पाहण्याची एक शिस्त आहे. नाणं कोणत्या ठशातून उतरलं हे ओळखणं ही त्या शिस्तीची पहिली पायरी. ती मला कुर्डुवाडीत एका निवृत्त फिटर काकांकडे बघायला मिळाली.

बार्शी रोडचं गाव

माढा तालुक्यातलं हे गाव रेल्वेमुळे वाढलं. मुंबई-सोलापूर मार्गावरच्या या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा अभियंता. ही गाडी १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. छोट्या गाडीचा कारखाना कुर्डुवाडीत उभा राहिला आणि त्याच्याबरोबर फिटर, टर्नर, लोहारकाम करणाऱ्यांची वस्ती वाढली. आता या सगळ्या मार्गांवर मोठी गाडी धावते. पण कानशीने घासलेला पृष्ठभाग आणि यंत्रावर तासलेला पृष्ठभाग यांतला फरक बोटाने सांगणारी माणसं गावात अजून आहेत.

पंढरपूरही इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. वारीला जाणारी-येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या या जंक्शनवर गाडी बदलत आली. तीर्थाहून परतताना देवाचा छाप असलेली एखादी चकती बरोबर आणायची रीत जुनी आहे. ती चकती देव्हाऱ्यात जाते, मुलाच्या गळ्यात जाते, तिजोरीत जाते आणि कधीतरी घर वाटून घेताना मोडीच्या डब्यात येते.

काकांनी आयुष्यभर लोखंड हाताळलं. नाण्यांचा नाद त्यांना उशिरा लागला, पण नजर आधीपासूनच तयार होती. टेबलावर पांढरा कागद, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा, व्हर्नियर आणि मान वाकवता येणारा एक दिवा. एवढंच त्यांचं सामान. प्रत्येक वस्तू कागदी पाकिटात ठेवलेली, पाकिटावर वजन, व्यास आणि कुठून मिळाली ते लिहिलेलं.

मी एक चकती उचलून देवाचं चित्र बघायला लागले तर म्हणाले, “ताई, आधी कड बघायची. तोंड मागनं.”

खोल आणि उठाव

कड का, हे नंतर कळलं. आधी ठसा कसा ओळखायचा, हे त्यांनी हमालाच्या तशाच एका बिल्ल्यावर समजावलं. बिल्ल्याची अक्षरं ठशाने उठवलेली होती. नंबर मात्र नंतर एकेक पंच ठोकून घातलेला होता. दोन आकडे किंचित तिरके, एक जास्त खोल. अक्षरं एकाच दाबात आली म्हणून सगळी सारखी. आकडे एकेका फटक्याने आले म्हणून प्रत्येकाचा कल वेगळा. रेल्वेच्या कारखान्यांत हजेरीसाठी पितळी बिल्ले असत, त्यांवरचे नंबरही असेच पंचाने मारलेले. एका वस्तूवर दोन वेगळी कामं झाली आहेत, हे एकदा दिसायला लागलं की पुढची वाट सोपी होते.

ठसा म्हणजे पोलादाचा तुकडा. त्यावर चित्र आणि अक्षरं उलटी आणि खोल कोरलेली असतात. तो धातूवर आदळला की चकतीवर ती सुलटी आणि उठावदार येतात. यातून एक साधा नियम निघतो. चकतीला नंतर ओरखडा पडला असेल तर तो खोल असतो. ठशालाच तडा गेला असेल तर चकतीवर ती रेघ उठून दिसते. मोदकाच्या साच्याला कुठे टवका उडाला तर प्रत्येक मोदकावर त्याच जागी टेंगूळ येतं, तसंच हे. म्हणून उठावदार खुणा महत्त्वाच्या. गंजलेल्या ठशाने चकतीवर बारीक पुरळ येतं. चकती मधे नसताना वरचा आणि खालचा ठसा एकमेकांवर आदळले तर एकाची पुसट रेषा दुसऱ्यावर बसते आणि पुढच्या प्रत्येक चकतीवर उतरते. अशा खुणांवरून दोन नाणी एकाच ठशातली आहेत असं छातीठोकपणे सांगता येतं.

त्यांचा क्रमही लावता येतो. तडा लहान असलेलं नाणं आधीचं, तोच तडा कडेपर्यंत वाढलेलं नाणं नंतरचं. हाताने नाणी पाडताना खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे आणि वरच्या ठशावर घण पडे. घाव सोसणारा वरचा ठसा लवकर झिजे, फुटे. मग खालचा तोच ठेवून वरचा नवा येई. एक बाजू सारखी आणि दुसरी वेगळी अशी नाणी मिळाली की ती एकाच टांकसाळीतली, एकामागून एक पाडलेली असावीत असा धागा हाती लागतो. जिथे दप्तर गप्प आहे तिथे हा धागाच बोलतो.

शिवराई: ठसा मोठा, चकती लहान

महाराष्ट्रात ठशांचे प्रकार अभ्यासायचे तर शिवराईइतकं मोठं रान नाही. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई आली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. भोवती टिंबांचं वर्तुळ. महाराजांच्या नंतरही ही मुद्रा थांबली नाही. छत्रपतींच्या नावाने, पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ वेगवेगळ्या गावी शिवराया पडत राहिल्या आणि बाजारात त्या त्याहून खूप पुढेपर्यंत चालल्या. टांकसाळी मक्त्याने खासगी कारागिरांना दिल्या जात. प्रत्येक ठिकाणी ठसा कोरणारा वेगळा, त्याचं शिक्षण वेगळं, हात वेगळा.

काकांनी काही शिवराया एका रांगेत मांडल्या आणि दिवा बाजूने धरला. वरून उजेड टाकला तर झिजलेलं अक्षर दिसत नाही. तिरका टाकला तर सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. पहिल्या नाण्यावर ‘शिव’ ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ, तिसऱ्यावर चक्क ‘सिव’. ‘पति’चीही तीच गत. एका ठिकाणी ‘श्री’ची वेलांटी टिंबांच्या वर्तुळाला भिडलेली, दुसऱ्या ठिकाणी आखूड. ‘छ’चं पोट कुठे गोल, कुठे चपटं. शुद्धलेखनाच्या चुका म्हणून यांकडे बघायचं नसतं. हे त्या त्या कोरक्याचं हस्ताक्षर आहे.

अडचण अशी की पूर्ण मजकूर जवळपास कोणत्याच नाण्यावर मिळत नाही. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यात चकती मधोमध ठेवण्याची कुणाला फिकीर नसे. त्यामुळे एका नाण्यावर ‘री, जा, व’ एवढंच येतं, दुसऱ्यावर डावीकडचा भाग येतो. काका यावर एक युक्ती करतात. प्रत्येक नाण्याचा फोटो एकाच मापाला मोठा करून घेतात आणि बटर पेपरवर रेघा गिरवतात. मग कागद एकमेकांवर ठेवून सरकवतात. ‘जा’चा काना आणि ‘व’चं गोल नेमके जुळले, शेजारचं टिंबही जुळलं, तर दोन्ही नाणी एकाच ठशातली. अशी दोन-चार नाणी जुळली की कागदावर अख्खा ठसा उभा राहतो. जो पोलादाचा तुकडा केव्हाच नाहीसा झाला, तो त्याच्या अर्ध्यामुर्ध्या छापांमधून परत मिळतो. माझ्यासमोर असे दोन कागद जुळले तेव्हा काकांनी काही न बोलता पेन्सिलीने कोपऱ्यात खूण केली आणि पुढचं पाकीट उघडलं.

पुढच्या काळातल्या दुदांडी शिवराईवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मधे दोन आडव्या दांड्या असतात. ही नाणी सहसा हलकी आणि ओबडधोबड. त्यांवर अक्षरांच्या जोडीला चिन्हं येतात: बेलाचं पान, सूर्य, चंद्र, त्रिशूळ, स्वस्तिक, नुसती टिंबं. कोणतं चिन्ह कोणत्या टांकसाळीचं, हे ठरवायचं तर ठशांच्या जोड्या लावाव्या लागतात आणि नाणी कोणत्या गावाजवळ सापडली तेही बघावं लागतं. म्हणूनच काकांच्या पाकिटावर ‘कुठून मिळाली’ हा रकाना आहे. मोडीच्या डब्यातून आलेल्या नाण्याचं गाव हरवलेलं असतं आणि त्याबरोबर निम्मा पुरावाही.

या विषयावर आपल्याकडे पक्कं काम झालेलं आहे. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरचा ग्रंथ १९८९ साली निघाला. तो प्रकाशित करणारी नाणकशास्त्राची संशोधन संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे. तिथलं नाणी-संग्रहालय दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जावं असं आहे.

रामटंक्यावरचं साल ५१७४०

शिवराईचं हे तंत्र टोकनांना लावलं की गंमत वाढते, कारण टोकनांना टांकसाळीचं बंधन नव्हतं. सगळ्यांत जास्त दिसतो तो रामटंका. एका बाजूला रामाचा दरबार, राम-सीता सिंहासनावर आणि भोवती सेवक. दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण घेतलेले राम-लक्ष्मण, कडेने राम, लछमन, जानकी आणि हनुमानाची नावं सांगणारा नागरी मजकूर आणि खाली ५१७४० असा आकडा. कुठल्याही शकात न बसणारं हे साल मूळ कुणी, का कोरलं ते राहू द्या. महत्त्वाचं हे की पुढच्या कोरक्यांनी ते जसंच्या तसं उचललं. समोर एक जुना टंका ठेवायचा आणि त्यावरून नवा ठसा कोरायचा. कोरणाऱ्याला अक्षरं वाचता येत नसली तरी चालत होतं. भाविकाला रामाचं दर्शन हवं होतं, मजकूर वाचायचा नव्हता.

म्हणून रामटंक्यांची वंशावळ लावता येते. पहिल्या पिढीत मजकूर बऱ्यापैकी वाचता येतो. पुढच्या नकलेत मात्रा गळतात. त्याच्या पुढच्या नकलेत अक्षर उलटं येतं, कारण ठशावर उलटं कोरायचं असतं हे कारागीर त्या एका अक्षरापुरतं विसरलेला असतो. शेवटी मजकुराच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरतात. धनुष्याची दोरी, मुकुटाचे तुरे, सेवकांची संख्या, सिंहासनाचे पाय या सगळ्यांत अशीच घसरण दिसते. भिंगाखाली दोन टंके शेजारी ठेवले की कोण कुणाची नक्कल हे कळायला लागतं.

नकलेची ही परंपरा फक्त टंक्यांची नाही. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटची. व्यापारातून ते नाणं आलं, बायकांना आवडलं आणि सोनारांनी आपले ठसे करून तसल्या पुतळ्या पाडल्या. त्यांवरची लॅटिन अक्षरंही रामटंक्यासारखीच रेघा होत गेली. देवाची आकृती नाण्यावर आणण्यालाही मोठा आधार आहे. अकबराने १६०४-०५ च्या सुमारास ‘राम सीय’ असा नागरी मजकूर आणि धनुर्धारी राम व सीता असलेली नाणी काढली होती. ती आज अतिशय दुर्मीळ आहेत.

यंत्र आलं, तरी माणूस राहिला

यंत्राने नाणी पडू लागली की ठशांचे प्रकार संपले असतील, असा समज असतो. प्रकार संपले नाहीत, बारीक झाले. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकच रुपया झाला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ साल आलं आणि ते १८७४ पर्यंत तसंच राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने त्या काळात सालाच्या खाली आणि काही ठशांवर वरच्या बाजूलाही टिंबं घालून वर्षं दाखवली. वरवर एकसारखे दिसणारे १८६२ चे रुपये संग्राहक म्हणूनच टिंबं मोजून वेगळे करतात.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया तर ठशाने केवढी खळबळ उडते त्याचा दाखला. राजाच्या झग्यावरच्या मानचिन्हातला हत्ती इतका ठेंगणा, आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना त्यात डुक्कर दिसलं आणि संताप उसळला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले सुमारे सात लाख बाजारात गेले होते. बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड व कान नीट कोरलेला ठसा वापरात आला. नखाएवढीही जागा नसलेल्या त्या चित्रासाठी सरकारला माघार घ्यावी लागली.

आजच्या नाण्यावरही टांकसाळीची खूण सालाखाली असते. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कोलकात्याची खूणच नाही. ठसा ओळखण्याचा पहिला धडा खिशातल्या सुट्ट्या पैशांवर गिरवता येतो.

लाखाची चकती

काकांकडे येणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांच्या हातात एक विशिष्ट चकती असते. एका बाजूला हनुमान, रामदरबार किंवा कमळ. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, ‘यूकेएल’, एक किंवा अर्धा आणा आणि १८१८, १७१७ किंवा १६१६ असं साल. कुणीतरी सांगितलेलं असतं की हिचे लाखो रुपये येतात. कुणी पुढे जाऊन सांगतं की ही तांदूळ खेचते, तिला ‘राईस पुलर’ म्हणतात आणि परदेशातली अंतराळ संस्था ती विकत घेते. मग तपासणीच्या फीचे पैसे मागितले जातात. कधी शेत गहाण पडतं. या फसवणुकीचे गुन्हे महाराष्ट्रात पुन्हापुन्हा नोंदले गेले आहेत.

इथे ठशाची समज माणसाचं घर वाचवते. १८३५ नंतरची कंपनीची तांब्याची नाणी मुख्यतः अर्धा आणा, पाव आणा आणि पै अशी होती. अर्ध्या आण्याचं वजन २०० ग्रेन, म्हणजे १२.९६ ग्रॅम. त्यावर कंपनीचं सिंहांचं मानचिन्ह आहे, देव नाही. एक आण्याचं नाणं लोकांच्या हाती आलं ते १९०७ पासून, तेही निकेलमिश्रित धातूचं. मद्रासच्या सोन्याच्या पागोड्यांवर विष्णूची आकृती होती, हे खरं आहे. पण त्यावरून हनुमानाचा तांब्याचा आणा सिद्ध होत नाही.

बनावट ओळखण्याचा आणखी एक नियम काकांनी सांगितला आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. दोन अस्सल नाण्यांचा ठसा एकच असू शकतो, पण त्यांची दुखापत एक असू शकत नाही. एकाच जागी छाप सरकलेला, एकाच जागी कड चेपलेली, एकाच जागी ओरखडा अशी दोन नाणी समोर आली तर ती एका खऱ्या नाण्यावरून साचा करून ओतलेली. ओतीव वस्तूच्या अंगावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांची टोकं बोथट असतात आणि कडेला साच्याची सांध घासून काढलेली असते. “कानस मारलेली लपत न्हाई,” ते म्हणाले. आधी कड बघायची ती याचसाठी.

चिंच लावू नका

आपल्या घरांतला सगळ्यांत मोठा घात चांगल्या हेतूने होतो. देव्हाऱ्यातली चकती दर सणाला चिंच, लिंबू किंवा भांडी उजळायच्या पावडरीने घासली जाते. चकाकी येते आणि ठशाची बारीक रेघ जाते. शंभर वर्षं बाजारात फिरून जेवढं झिजलं नसतं तेवढं काही दिवाळ्यांत झिजतं. पूजेतली वस्तू पूजेतच राहावी, पण तिला पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपलं तरी पुरेसं आहे. नाणी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात कोंडू नयेत, कोरड्या कागदात ठेवावीत आणि कडेने धरावीत.

कायदाही माहीत असावा. शेतात किंवा पडक्या वाड्यात जमिनीखाली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा जुना ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार कुणालाही परस्पर देशाबाहेर नेता येत नाही.

काकांकडून निघताना एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. शिवराई कोरणाऱ्या एकाही सामान्य कारागिराचं नाव त्या नाण्यावर नाही, रामटंका कोरणाऱ्याचंही नाही. त्यांचा वळणदार ‘छ’, आखूड वेलांटी, उलटं पडलेलं अक्षर एवढीच त्यांची सही. ती वाचायला पदवी लागत नाही. तिरका उजेड, भिंग, काटा, ट्रेसिंगचा कागद आणि सबुरी लागते.

म्हणून या दिवाळीत घर आवरताना अशी चकती हाताला लागली तर ती मोडीत घालण्याआधी किंवा घासण्याआधी दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो घ्या, वजन करा आणि ती कुणाची, कुठून आली हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाने किंवा शाळेने अशा नोंदींची एक वही उघडली, तर मराठी मुलखातल्या टांकसाळींचा अजून न लागलेला बराच हिशेब आपल्याच घरांतून पुरा होईल.